गढूळ न झालेलं तेल

ती बाई आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

भातकुलीकडच्या एका गावचा पोलीस पाटील सकाळीच ठाण्यात आला. "साहेब, गावातल्या एका सुनेनं सारं घर मारलं," म्हणाला. सासू वारलेली, नवरा आणि दीर पाय सुजून, धापा टाकत पडलेले. धडधाकट एकटी सून, तीही ओली बाळंतीण. गावानं निकाल देऊन टाकला होता.

प्रेत शवविच्छेदनाला अमरावतीला पाठवलं. पंचनामा करून घरातलं पीठ, मीठ, तेल सीलबंद केलं. जबाब घ्यायला मी त्यांच्या ओसरीवरच बसलो. बाळंतिणीला ठाण्यात कशाला ओढायचं? नवरा आतून ओरडला, "तिलेच काऊन काही झालं नाही, ते इचारा!" त्या माणसाची मला खरंच चीड आली.

"तू काय खात होतीस, बाई?"

"तूप-भाकर. माहेरी माय नाही, म्हणून बाळंतपण इथंच झालं. सासू मले तेलाचा थेंब देत नोती. म्हने, बाळंतिणीले तूपच पायजे, आमाले तेल चालते."

माझा संशय तिथंच तेलावर गेला.

अकोल्याला रसायनतज्ज्ञानं मला समोर बसवून परीक्षा दाखवली. खात्रीचं शेंगदाण्याचं तेल आणि आमचं सीलबंद तेल, दोन्हींत सारखीच रसायनं घालून तापवली, मग थर्मामीटर लावून हळूहळू निववली. खरं तेल ठराविक अंशाला गढूळ झालं. आमचं त्याच्या खाली उतरलं तरी स्वच्छच! "हे निव्वळ शेंगदाण्याचं नाही," तो म्हणाला. पुढच्या तपासणीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल निघालं. सूज त्याचीच होती.

त्या घराला तेलाचा डबा विकणारा व्यापारी अकोल्याचाच. त्याला उचललं. आधी देवाधर्माच्या शपथा झाल्या. मी वाटीत तेल ओतलं. "शपथा राहू दे, हे घोटभर पी." त्यानं वाटीला हात लावला नाही. थोड्या वेळानं सगळी भेसळ कबूल केली.

सुनेला सांगायला मी स्वतः गेलो. नवरा मान खाली घालून बसला होता. वाटलं, ही सुटकेचा श्वास टाकेल. ती ढसाढसा रडली.

"साहेब, तूप थोडंच होतं. मी सासूले म्हटलं, तुमी बी घ्या ना. तर माह्यावरच डाफरली. म्हने, तुह्या लेकराले दूध कुठून येईन?"

घरात एकटं कोणी वाचलं, की लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. त्याला वाचवलं कोणी, हे कोणी विचारत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी तेच आधी विचारत आलो.