नववी आणि दहावीच्या मधलं वर्ष

रेझ्युमे एका पानात बसवायचा, असं सरांनी बजावलं होतं. माझं सगळं अर्ध्या पानातच संपलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स, उंची, वजन. छंद म्हणून वर्गातल्या मैत्रिणीने परस्पर 'वाचन आणि प्रवास' टाकून दिलं होतं. माझा प्रवास म्हणजे मानखुर्द ते मुलुंड आणि परत. मी ते काढून 'दोरीच्या गाठी बांधणे' असं लिहिलं, तर सर म्हणाले, "हे राहू दे. निदान खरं तरी आहे."

सर अग्निशमन दलातून रिटायर झालेले, बोलायला रोखठोक. अंधेरीतल्या एका टोलेजंग ऑफिस-इमारतीला आपल्या फायर टीममध्ये मुली हव्या होत्या आणि सरांनी आमच्या बॅचमधून माझं आणि त्या मैत्रिणीचं नाव पाठवलं होतं. इंटरव्ह्यू शनिवारी होता. सोमवारी त्यांनी वर्गातच आमची तालीम घेतली. माझा कागद हातात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"दहावी सतराव्या वर्षी? नापास झालेलीस काय गं?"

वर्ग हसला. मीही हसले. एवढ्या वर्षांत ही बेरीज कोणी केली नव्हती. मीच लिहिलेल्या दोन आकड्यांमधून एक अख्खं वर्ष डोकं वर काढून बघत होतं.

"हे विचारणार म्हणजे विचारणार," सर म्हणाले. "उत्तर तयार ठेव."

मी कधीच नापास झाले नाही. नववीत तर वर्गात दुसरी आले होते. मला टीबी झाला होता. आज हे वाक्य मी सरळ लिहून टाकते आहे, पण तेव्हापर्यंतच्या आठ वर्षांत आमच्या घरात ते एकदाही कोणी उच्चारलं नव्हतं. मम्मी त्याला 'ते' म्हणायची. ते झालं तेव्हा, त्या वर्षी, असं.

मम्मी चेंबूरच्या एका सोसायटीत चार घरचा स्वयंपाक करते. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे आमचं घर तिच्या पोळ्यांवर चाललं. जिच्या घरात टीबी, तिच्या हातची पोळी कोण खाणार? आणि आमच्या शेजारच्या काकू त्याच सोसायटीत धुणंभांडी करायच्या. काकू मनाने चांगल्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गल्लीत सकाळी कळलेलं चेंबूरला दुपारी पोचलं असतं. म्हणून मम्मीने मला घाटकोपरला मावशीकडे ठेवलं आणि गल्लीत सांगितलं, पोरगी गावाला गेली, आजी आजारी आहे. आमचं गाव बीडकडे. मी बसने पाऊण तासावर होते.

त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. मावशीच्या वस्तीत संडास सार्वजनिक. मी दोन डबे पाणी जास्त ओतायचे आणि तरी बाहेर पडताना मागे वळून बघायचे, कुठे रंग राहिला नाही ना. पंधराव्या वर्षी मला मरणाची भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला त्या रंगाचीच वाटायची. कोणीतरी बघेल, विचारेल, आणि मम्मीची चारही घरं जातील.

आठ महिन्यांनी मी बरी होऊन परत आले, तेव्हा मम्मीने घाटकोपरच्या बाजारातून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि गल्लीत वाटल्या. गावाहून आलेलं माणूस रिकाम्या हाताने कसं येईल? काकू शेंगा फोडत म्हणाल्या, "गावच्या शेंगांची चवच वेगळी!" मम्मी म्हणाली, "तर काय!" तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मी आत जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसले. नंतर बराच वेळ रडू आलं.

तर सोमवारी घरी येऊन मी तिला सरांचा प्रश्न सांगितला. ती कणीक मळत होती.

"नापास झाले म्हणून सांग," ती म्हणाली.

"पण मी झाले नाही ना, मम्मी."

"नापासाला कोणी घाबरत नाही."

मी आरशासमोर उभी राहून सराव सुरू केला. सर, मी दहावीला एकदा नापास झाले होते. सर, गणितात राहिले होते. गणित माझा सगळ्यात चांगला विषय. दर वेळी ते म्हणताना माझी मान आपोआप खाली जायची, म्हणजे अभिनय तरी झकास जमत होता.

बुधवारी त्या अभिनयाची वाट लागली. कंपनीने मागवलेल्या कागदांच्या यादीत छातीचा एक्स-रे होता, रिपोर्टसकट. मी देवनारच्या एका लॅबमध्ये गेले. श्वास आत घ्या, धरा, सोडा. तासाभराने रिपोर्ट आला आणि त्याबरोबर डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. फिल्म उजेडाला धरून त्यांनी पेनाने उजव्या बाजूला वर दाखवलं.

"आधी टीबी होऊन गेलाय का? घाबरू नकोस, जुना व्रण आहे, बरा झालेला. पण कंपनीचे डॉक्टर विचारतील. उपचार पूर्ण केल्याचा कागद असेल तो जोड."

घाबरू नकोस म्हणालं की माणूस घाबरतोच. मी बाहेरच्या बाकावर बसले. कागद कुठला आणायचा? शेवटची गोळी घेतल्यावर मम्मीने मावशीकडची रिकामी पाकिटं, खोके, चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकलेलं मी पाहिलं होतं. आता कागद नाही आणि व्रण मात्र आहे. बघणारा काय समजणार? पोरीला अजून टीबी आहे आणि ती लपवते आहे. नोकरी जाईल, वर्गात कळेल, सरांना कळेल. सहा महिने खांद्यावर होजपाइप घेऊन धावले, शिडीवर चढताना खाली बघायचं नाही हे शिकले, ते सगळं एका नखाएवढ्या पांढऱ्या डागापाशी येऊन थांबलं होतं.

आणि याच्याही खाली एक भीती होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. कोर्समध्ये धुराची खोली असते. आत ओली पोती जाळतात, दार लावतात, आणि भिंतीला हात लावून गुडघ्यांवर रांगत दुसऱ्या दाराने बाहेर यायचं. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मध्येच माझा श्वास अडकला. तसा तो सगळ्यांचाच अडकतो. पण मला वाटलं, ती जुनी जागा उघडली. तिथेच, उजव्या बाजूला, वर. मी भिंतीला चिकटून किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. मग मागून आलेल्या मुलीचं डोकं माझ्या पायाला लागलं आणि मी पुढे सरकले. बाहेर सर म्हणाले, "शाब्बास." त्या दिवशी घरी गेल्यावर मम्मीने माझा युनिफॉर्म हुंगला आणि दोनदा धुतला.

बुधवारी संध्याकाळी मी तिला एक्स-रेचं सांगितलं.

"कागद नसला तर?" तिने विचारलं.

"तर घेणार नाहीत."

"नक्की?"

"नक्की, मम्मी."

ती भाकरी थापत राहिली. मला तिचा राग आला. एवढं ऐकून एक शब्द नाही? उद्या पोरीची नोकरी जाईल आणि हिला भाकरी करपायची काळजी! गुरुवारी मी ज्या दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या तिथे जाऊन आले. ते केंद्र दुसरीकडे हललं होतं, जुन्या वह्या कुठे आहेत ते कोणी सांगेना. मी येताना ठरवलं की सरांना फोन करून सांगायचं, मला ताप आलाय, मी इंटरव्ह्यूला जात नाही. नंबर दोनदा लावला आणि दोनदा कापला.

शुक्रवारी मम्मी कामावरून लवकर आली. चप्पल न काढताच तिने खिळ्याला टांगलेली पिशवी उतरवली आणि रेशनकार्ड काढलं. त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरात, कार्डाच्या मागे, एक चौघडी कागद होता. घड्या इतक्या मऊ झालेल्या की तिने तो दोन्ही हातांनी उलगडला. माझं नाव, वय पंधरा, रांगेत सगळ्या चौकोनांवर खुणा, आणि खाली शिक्का: उपचार पूर्ण. ते रेशनकार्ड घेऊन मी शंभर वेळा दुकानात गेले असेन.

"हे टाकलं नव्हतंस?"

"परत झालं तर डॉक्टर मागतात," ती म्हणाली. म्हणजे आठ वर्षं ती त्याची वाट बघत होती.

मी ओढणी घेतली. "गोवंडीला जाऊन झेरॉक्स काढून आणते." आमच्या नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, पण तिथे जायचं म्हणजे दवंडी पिटण्यासारखं.

"इथेच काढू," मम्मी म्हणाली. "चल."

दुकानात काकू होत्याच, आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या. मागे गल्लीतली आणखी दोघं. दुकानवाल्या भाऊंनी कागद उलटसुलट केला, उजेडात धरला.

"पुसट आहे हो, ताई. कसलं कार्ड आहे? लसीचं?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"टीबीचं," मम्मी म्हणाली.

भाऊंचा हात मशीनवरच राहिला. काकूंनी विचारलं, "कोणाला?"

"हिला. आठ वर्षं झाली. गोळ्या पुऱ्या केल्या, बरी झाली." रेशनच्या दुकानात घरी माणसं किती ते सांगावं, तशा आवाजात ती बोलत होती. "डार्क करून दोन काढा, भाऊ."

काकू अर्धं पाऊल मागे सरकल्या. अर्धंच, पण मागच्या स्टँडवरची मोबाइलची कव्हरं हलली, त्यामुळे सगळ्यांना ते कळलं. मम्मीलाही कळलं. तिने फक्त पदर नीट केला.

परत येताना मी तिच्यावर चिडलेच. "काय गरज होती गं? आता गल्लीभर होईल. उद्या चेंबूरला कळेल. तुझी घरं गेली तर?"

ती चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मग म्हणाली, "कागद नाही म्हणून सांगणार होते तुला. बुधवारपासून तेच मनात होतं. तू म्हणालीस ना, कागद नसला की घेत नाहीत. म्हटलं, बरं झालं. नाही घेतलं तर नाही घेतलं." ती माझ्याकडे वळली. "त्या छातीसाठी काय काय केलं मी, आणि तू ती घेऊन धुरात जाणार. सोसेल का गं तुला?"

मला वाटत होतं, ती लोकांना घाबरते.

"सोसेल," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. मी भिंतीला चिकटून थांबले होते, हे मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.

"मग काय," ती म्हणाली. "मी अडवलं असं नको व्हायला."

शनिवारी तिघांनी माझा इंटरव्ह्यू घेतला. वर्षाच्या फरकाचं त्यांनी विचारलं, मी सरळ सांगितलं, त्यांच्या डॉक्टरांनी कागद बघून सही केली. पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं. त्याच महिन्यात मम्मीचं चेंबूरचं एक घर सुटलं. कारण कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

आता दोन वर्षं झाली. ड्यूटीवर काय झालं, कुठे आग लागली, हे ती कधी विचारत नाही. पण जेवताना मला साधा ठसका लागला तरी तिचा पोळपाटावरचा हात थांबतो, आणि मी पाणी पिऊन पुन्हा बोलायला लागेपर्यंत ती लाटणं फिरवत नाही.