सुयांची नववी वही

बाइंडरकाका सांगतात की त्यांनी आजवर दोनशे सुयांच्या वह्या शिवल्या. मी मोजल्या, तेव्हा घरातल्या आणि वाटलेल्या अशा मिळून एकशे एकाहत्तर भरल्या. उरलेल्या एकोणतीस कुठे, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मी शिवलेली कात्रीची म्यानं धरली नाहीस वाटतं." म्यानेही धरली. तरी आकडा एकशे ब्याऐंशीच्या पुढे सरकला नाही.

"मग लिही तुझा आकडा," काका म्हणाले. "चारचौघांत मी दोनशेच सांगणार."

सुयांची वही हा त्यांचाच शब्द. तळहातावर मावेल एवढे कापडी आवरण, आत फ्लॅनेलची चार पाने. पानांवर सुया जाडीप्रमाणे टोचून ठेवायच्या, मागच्या बाजूला अंगुस्तानासाठी खिसा, आणि मिटायला एक बटण व दोऱ्याचा फास. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर आतल्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख दोऱ्याने भरलेली असते. वस्तूवर तारीख घालणारा कारागीर क्वचित भेटतो, पण काका चाळीस वर्षे दप्तरखान्याच्या बांधणी विभागात होते, हे लक्षात घेतले तर आश्चर्य वाटत नाही. त्यांनी बांधलेल्या नोंदवह्यांची चौकशी करायला मी गेले होते. ती चौकशी दोन बैठकांत आटोपली. सुयांच्या वह्यांची यादी करायला मात्र सहा लागल्या.

छंदाचा उगम काकू सांगतात तो असा. निवृत्तीनंतर काकांनी घरातली सगळी पुस्तके नव्याने बांधली, मग शेजाऱ्यांची, मग शेजाऱ्यांच्या औषधांच्या फायली. "एक दिवस शेगडीबरोबर आलेली माहितीपत्रिका यांनी पानं शिवून, जुजबंदी करून, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून माझ्या हातात ठेवली," काकू म्हणाल्या. "तेव्हा म्हटलं, आता हद्द झाली. फ्लॅनेलची फाटकी चादर यांच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, माझ्या सुया रोज उशीत हरवतात, त्याचं काहीतरी बघा." काकांच्या आठवणीप्रमाणे कल्पना त्यांचीच होती. पहिली वही चादरीच्याच फ्लॅनेलची आहे, एवढे मी तपासून सांगू शकते.

ती पहिली वही काकांनी काकूंना दिली नाही, ताईंना दिली. या गोष्टीतले खरे दुखणे तिथे आहे.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. तीन गल्ल्या पलीकडे राहतात. पस्तीस वर्षे त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. आता ते घराच्या पुढच्या खोलीत आले आहे, एवढाच फरक. काकांचे लग्न झाले तेव्हा त्यांनी कौतुकाने ताईंना आपली दाभण आणि मेणाचा दोरा दाखवला होता, आणि आपणही शिवतोच असे सांगितले होते. ताई म्हणाल्या होत्या, "भोक पाडून दोरा ओवला की शिवण होत नाही, बाइंडरसाहेब. तुम्ही चिकटवणारी माणसं." हा शेरा काकांना तेव्हापासून सलत आला, असे काकू म्हणतात. काका हे साफ नाकारतात. माझा कल काकूंकडे आहे, कारण नाकारताना काकांना तो शेरा शब्दशः पाठ होता.

म्हणून पहिली वही ताईंना. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, "बरी आहे" म्हणाल्या आणि सुया आत लावल्या. तीन आठवड्यांनी ती वही परत घेऊन त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाइंडरसाहेब, तुमच्या पुस्तकानं माझ्या सुया खाल्ल्या."

अकराच्या अकरा सुया गंजल्या होत्या. ही चूक बाइंडरच करू जाणे. आवरण ताठ राहावे म्हणून काकांनी पुठ्ठ्यावर कापड खळ लावून चिकटवले होते, आणि पानेही कण्याशी खळीनेच धरली होती; खळ हवेतली ओल ओढते. ताईंनी बोट लावून वास घेतला मात्र. "खळ! कापडाला खळ! म्हटलं नव्हतं का मी?"

दुसऱ्या दिवशी काकांनी खिडकीत कापडाचे सहा तुकडे मांडले, तीन खळ लावून, तीन न लावता, आणि प्रत्येकात एक नवी सुई टोचून खाली चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठ्या अजून आहेत. एकोणिसाव्या दिवशीची नोंद अशी: "खळवाल्या तिन्ही गेल्या. बिनखळीच्या ठणठणीत. ताई बरोबर." शेवटचे दोन शब्द नंतर खोडलेले आहेत, पण प्रकाशासमोर धरले की वाचता येतात.

खळ सुटायला वर्ष गेले. काका टाका घालत आणि हात आपोआप ब्रशकडे जाई. शेवटी काकूंनी खळीचे भांडे माळ्यावर टाकले. मग पुठ्ठा दोन कापडांच्या मध्ये शिवून बसवायचा, कोपरे तिरपे मोडून दुमडायचे आणि टाका आतून लपवायचा, हे ते उसवून उसवून शिकले. आठव्या वहीपासून काम साफ दिसू लागते आणि तिसाव्यापासून देखणे. शेजारणी मागू लागल्या. चांभाराने आरीसाठी लांबट चामडी घर करून घेतले. समोरच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने टेप आणि छोट्या कात्रीसाठी खिसे सांगितले आणि "काका, तुम्ही माझ्या आजीपेक्षा नीट शिवता" असे बजावले. काकांनी ते ऐकून मान डोलावली, पण फारसे खुलले नाहीत. आजी शिंपीण नव्हती.

ताईंना दर वाढदिवसाला एक नवी वही जात राहिली. ताई ती घेत, "ठेवा तिथं" म्हणत, आणि पुढे त्या वहीचे काय झाले हे कोणी पाहिले नाही. त्यांच्या सुया, सगळ्यांना माहीत होते, एका गोल डब्यात असत.

"एकदा त्या वापरताना दिसल्या, की मी शिवतो असं समजेन," काका मला म्हणाले. "नाहीतर आहेच मी चिकटवणारा."

यादी पुरी करायची तर ताईंकडच्या वह्या बघणे भाग होते. काका, काकू आणि मी, असे तिघे एका सकाळी गेलो. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाच्या घड्या आणि दोन खुर्च्या. तिसरी ताईंनी आतून ओढत आणली. "ही कोण? वह्या मोजणारी? मोज बाई. माझ्याकडे काही लपवण्यासारखं नाही."

त्यांनी कपाटातून कागदात गुंडाळलेल्या वह्या काढल्या. कोऱ्या करकरीत. एकाही पानाला भोक नव्हते. काका खिडकीतून बाहेर बघू लागले.

मी तारखा उतरवून घेतल्या. आठ झाल्या. माझ्याकडच्या नोंदीप्रमाणे नऊ हव्या होत्या. तीन वर्षांपूर्वीची, राखाडी कापडाची, नव्हती.

"एक कमी आहे," मी म्हटले.

"हरवली असेल," ताई म्हणाल्या.

"तू आणि हरवशील?" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षांपूर्वीच्या बटणांची पुडीसुद्धा तुझ्याकडे सापडते."

"मग दिली असेल कुणाला."

"कुणाला?"

"अगं, तू काय पोलीस आहेस का?"

काकू उठल्या. बहिणीचे घर बहिणीला पाठ असते. त्यांनी सरळ यंत्राचा डावा खण ओढला आणि आतून राखाडी वही काढून माझ्या हातात दिली. ताई पुटपुटल्या, "चहाचं बघते," पण जागच्या हलल्या नाहीत.

वही कडांना तुळतुळीत झाली होती, आवरणावर खडूचे पांढरे आणि तेलाचे काळे डाग. मी उघडली. पहिली दोन पाने कोरी. शेवटच्या दोन पानांवर भोकांची नुसती जाळी, आणि त्यात ओळीने लावलेल्या चौदा सुया. एकही गंजलेली नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली: बटण आणि फास मूळ जागी नव्हते. मूळ जागी चार रिकामी भोके होती. बटण उलट बाजूला, काळ्या दोऱ्याने, काकांपेक्षा घट्ट हाताने लावलेले होते.

काकांनी वही घेतली. पाने मागून पुढे, मग पुढून मागे उलटली.

"ताई, तुम्ही ही शेवटाकडून उघडता?"

"मग काय करू? डावखुरी बाई मी! तुमच्या वहीचा कणा डावीकडे, बटण समोर, आणि खिसा नेमका जिथं माझा अंगठा येतो तिथं. रोज हात अडखळायचा. शेवटी बटण मीच हलवलं."

"तुम्ही डावखुऱ्या आहात हे माहीत होतं हो मला," काका म्हणाले. "पण वही म्हटली की माझा हात कणा डावीकडेच धरतो. चाळीस वर्षं…"

"तेच म्हणते मी. बाइंडर तो बाइंडर."

"पण मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर वापरते हे कळलं नसतं का तुम्हाला?"

यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. काका हसले नाहीत. त्यांनी वहीच्या शिवणीवर बोट ठेवले.

"आणि टाका?"

"टाक्याला काय धाड भरलीय? तीन वर्षांत एक उसवला नाही."

"म्हणजे याला शिवण म्हणायचं?"

"शिवण नाही तर काय इस्त्री म्हणू? लिहून घे गं तू," ताई माझ्याकडे वळल्या, "नाहीतर हे घरी जाऊन मी जास्त काहीतरी बोलले असं सांगतील."

मी लिहून घेतले, वर आणि खाली काही न जोडता.

आता काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. उजवीकडे कणा असलेली वही, मागून पुढे उघडणारी, हे काम आपण आयुष्यात केलेले नाही, असे ते तीनदा म्हणाले, आणि प्रत्येक वेळी आवाज चढत गेला. खिसा कुठे, बटण किती खाली, चार पाने की सहा, यावर दोघांची चांगलीच जुंपली. ताईंना सहा हवी होती. काका म्हणत होते, सहा पानांनी कणा फुगेल. "फुगू दे की! कणा तुमचा, सुया माझ्या."

अखेरीस काका राखाडी वही खिशात घालू लागले. "ही नेतो नमुन्याला. आठवड्यात परत आणतो."

ताईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"न्यायची नाही. आठवडाभर सुया कुठं ठेवू मी? इथंच बसा आणि मापं घ्या."

काका बसले. ताईंचा टेप मागून घेतला, वही खिडकीच्या उजेडात धरली आणि लांबी, रुंदी, खिशाचे अंतर घेतले. एकदा पुरेसे असलेले माप त्यांनी तीनदा घेतले.