हुरड्याला दिलेली वेळ

चूक माझीच होती. बायकोला मागं बसवून सोलापूरहून हैदराबादला मोटारसायकलवर सुट्टीसाठी जाताना तहान कुठं लागेल, हेसुद्धा मी घरूनच ठरवून निघालो होतो. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट.

उमरग्याच्या अलीकडे एक पटकेवाला शेतकरी भाजलेलं कणीस हलवत रस्त्यात आडवा आला. अपघात झाला असेल म्हणून मी थांबलो.

"जावई येनार हुते, आले न्हाईत. आगटी पेटलीय. उतरा पाव्हणं, हुरडा खाऊन जावा!"

बोलता बोलता त्यानं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. माझी बायको उतरून ओंजळ पुढं करून उभी होती. मी घड्याळ दाखवलं. बाराला उमरग्यात जेवण ठरलं होतं.

"आठ दिवसांनी परतताना नक्की थांबू."

"थांबा की. पर ज्वारीला तसं सांगून ठिवा," तो हसून म्हणाला.

बायको रिकामी ओंजळ सोडून मागं बसली. पुढं हैदराबादेत तिनं कुठंही थांबू या म्हटलं नाही, त्यामुळे माझा वेळ फार छान वाचला.

परतताना बोलल्याप्रमाणे थांबलो. तो धावतच आला. त्यानं कणीस चोळून दाखवलं. दाणे टणक झाले होते.

"वैनी, आता भाकरीच खावी लागंल. लई उशीर केला मालकांनी."

बायको माझ्याकडे न बघता हसली. मी त्याच्यासमोरच तिला म्हणालो, "सुट्टी तुझीही होती. मी तुला विचारलंच नाही. चुकलो."