फोटोपुरता उतार

"बस गो म्हातारे, फोटोपुरती बस," तात्या म्हणाले.

आईला मी पाठीवरून आणलं होतं. तात्या गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या पडवीपुढे सिमेंटचा नवा कोरा उतार, बाजूला धरायला लोखंडी दांडा. देवरुखहून आलेल्या पंचायत समितीच्या साहेबांनी आईचा हात दांड्यावर ठेवायला लावला. फोटो निघाला.

ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही बौद्धवाडीतले. चिरेखाणीत अंगावर जांभ्या दगडाचा चिरा पडून आईची कंबर गेली होती. आमच्या घराला तीन उंच पायऱ्या. परसाकडे जायचं तर आई ढुंगणावर घसरत उतरायची. कोपरं सोलायची. कधी वेळेत पोचायची नाही. पायरीवरच व्हायचं. मग तोंडात पदर कोंबून रडायची. अपंगांच्या घरी सोय करायला पंचायत समितीचं अनुदान होतं. अर्जावर अंगठा आईचा. समितीवर तात्या. उतार त्यांनी स्वतःच्याच घराला बांधून घेतला, आंब्याच्या पेट्यांची हातगाडी आत न्यायला.

हे मला फोटोच्या दिवशी कळलं. आणि मी गप्प उभी राहिले. त्याची लाज अजून वाटते.

आईला पाठीवर घेऊन वळले, तोच तात्यांची सून शेणपाण्याची बादली घेऊन आली. आई बसली होती ती जागा धुवायला लागली.

"चल गो बाय. बघू नको," आई माझ्या कानाशी म्हणाली.

मी बघितलं. आईला घरी ठेवलं, पहार घेतली आणि परत गेले.

भर दुपार होती. पहिला घाव दांड्याच्या मुळाशी घातला. सिमेंट उडालं. तात्यांच्या मुलाने केस धरून मला आपटलं. तोंड रक्ताने भरलं. त्याच्या मनगटाला मी कडकडून चावले. सुटले. परत घाव. दोन गड्यांनी लाथा घातल्या, बरगडी मोडली. तोवर दांडा उखडला होता, उतार फुटला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"पोलिसात देतो तुला!" तात्या ओरडले.

"द्या! उतार कोनाचा फोडला ता पन लिवा. कागदावर माज्या आयेचा हाय."

तात्यांनी गड्यांना मागे बोलावलं. केस झाली नाही.

महिन्याने मी पंचायत समितीत गेले. तेच साहेब म्हणाले, "कागदावर काम पूर्ण आहे. दुसऱ्यांदा मिळत नाही."

"मग बघायला चला."

ते खुर्चीतून हलले नाहीत.

"ऱ्हावा तर. उद्यापासून आये हितं, तुमच्या पायरीवर. परसाकडं पन हितंच होईल."

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, ती रडेल. तिने कोपरावरच्या खपल्या चाचपल्या.

"ने मला," ती म्हणाली. "लय वर्सं मी लाजले. आता त्यांना लाजू दे."

सकाळच्या पहिल्या एसटीला आईला पाठीवर घेऊन निघाले. आमच्या दारात उतार होईस्तोवर आम्ही दोघी साहेबांच्या पायरीवरून उठणार नव्हतो.