ऐच्छिक रोजा

गरम मसालेभाताची पळी माझ्या तोंडासमोर होती. धरणारे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. समोर पोरांची रांग, हातात ताटल्या.

"खा. तू खाल्ल्याशिवाय एकाही पोराला वाढायचं न्हाई."

राहाता तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी स्वयंपाक करते. सहा वर्षं झाली. जोडीला एक मावशी आहेत. सोमवारी आणि गुरुवारी माझा रोजा असतो, त्या दिवशी मीठ-तिखट मावशी बघतात. कधी कुणाला खटकलं नाही. त्या गुरुवारी मावशी नातीला घेऊन दवाखान्यात गेलेल्या आणि नेमके अध्यक्ष आले. चव घे म्हणाले. मी म्हटलं, रोजा हाय.

"रमजान तर कधीच झाला. आता कसला रोजा?"

"नफिल हाय, साहेब." त्यांना कळावं म्हणून मराठीत सांगायला गेले आणि तिथंच फसले. "ऐच्छिक असतो."

"म्हंजी न्हाई धरला तरी चालतो? मग सोड की. का काही कालवलंय भातात?"

अध्यक्षांबरोबर आलेली दोघंतिघं हसली. मोठे गुरुजी भिंतीवरचा तक्ता वाचत उभे राहिले. ज्या पोरांना सहा वर्षं वाढलं त्यांच्यादेखत हे बोलणं. काम जाईल म्हणून भ्याले. तोंड उघडलं, घास गिळला. मग गुरुजींनी अध्यक्षांपुढं ताटली केली, तर ते म्हणाले, "मला गुरुवार हाय." गुरुजींनी ताटली मागं घेतली, वर माफीही मागितली.

घरी सासूला सांगितलं. ती म्हणाली, "नफिल था बेटी. बदले में एक रख ले. अल्ला माफ करता. बडे लोगां के मूं को नको लगू."

अल्ला माफ करेल, ठाऊक आहे मला. मीच मला माफ करीना.

रमजानचे रोजे सगळी गल्ली धरते. ते फर्ज, ते करायचेच. पहाटे सहेरीच्या जेवणाला उठवायला शेजारीपाजारी असतात. नफिलला कुणी उठवत नाही. धरला तर अल्लाला ठाऊक आणि मला. नाहीतर माझ्या मर्जीचं काय होतं हो? शाळा सातवीत सुटली. लग्न बाप म्हणाला तिथं. हे कामसुद्धा सासऱ्यांनी बघितलं. हा रोजा तेवढा मी ठरवला होता, आणि तोच दुसऱ्याच्या हातानं मोडू दिला. लई राग आला. त्यांचा कमी, माझाच जास्त.

शुक्रवारी गुरुजींकडं चवीचं रजिस्टर मागितलं, पोरांच्या आधी रोज कुणी चाखलं ते त्यात लिहितात. देईनात. मी दारातून हलले नाही, तेव्हा दिलं. सह्या सगळ्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या. स्वयंपाकिणीला रकानाच नव्हता.

सोमवारी अध्यक्ष पुन्हा आले. मुद्दामच. मावशी शेजारी असून पळी माझ्याकडंच आली.

"रोजा हाय," मी म्हटलं.

"गुरुवारी तर खाल्लास."

"भिऊन खाल्लं. ऐच्छिक म्हंजी माझी इच्छा, साहेब. तुमची न्हाई. चव गुरुजींनी घ्यायची असते, रजिस्टरमधी बघा."

"घरी बसशील."

मावशी पदर ओढत होत्या, "गप की गं बाई." मी पळी अध्यक्षांच्या हातातून घेतली आणि गुरुजींच्या ताटलीत वाढलं. गुरुजींनी मान खाली घालून खाल्लं. मग पोरांना वाढलं.

आता मला काढायचा ठराव करणार आहेत. सासू बोलत नाही. नवरा म्हणतो, माफी मागून टाक. मी समितीला सांगून आले, काढायचं तर काढा. पण ठरावात कारण लिहा. बाईचा रोजा होता आणि तिनं तो मोडला नाही, एवढंच लिहा. खाली सगळ्यांनी सह्या करा. त्याची नक्कल हातात पडेपर्यंत मी रोज येऊन चूल पेटवणार आहे, आणि सोमवार-गुरुवार रोज्यात असणार आहे.