साडेबाराची मासळी

जुईनगरला आमच्या शेजारच्या सदनिकेत राहणारे सुधीर आजगावकर दर रविवारी अकराच्या सुमारास कापडी पिशवी घेऊन निघत आणि सारसोळ्यापर्यंत पायी जात. रिक्षाचे पैसे वाचत, हे झालेच. पण पायी जाण्यामागचा खरा हेतू पोहोचायला उशीर व्हावा हाच असे. सारसोळ्याच्या कोळणी खाडीची मासळी घेऊन सकाळी सातला बसतात. सातचा भाव दहा वाजेपर्यंत उतरतो. साडेबाराच्या सुमारास बर्फाचे पाणी होते, माशा आवरेनाशा होतात आणि उरलेला वाटा कोळीण येईल त्या किमतीला देऊन मोकळी होते. त्या क्षणाची वाट पाहत आजगावकर पत्र्याच्या सावलीत उभे राहत. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे माणसाच्या मूर्खपणाचे मला आश्चर्य वाटत नाही. पण तो इतक्या जवळून, भर उन्हात पाहण्याचा योग विरळाच.

"आला का सायेब?" भागीरथी कोळीण त्यांना वीस वर्षे ओळखत होती. "तुमाला बगलं का मला कलतं, साडेबारा वाजलं. मला घड्याल लागत नाय."

"मावशी, मांदेलीचा शेवटचा वाटा कितीला?"

"शेवटचा कुठं हाय? अजून तीन हायत."

"मग थांबतो."

"थांबा की. तुमच्या बाजूला ते मांजर पन थांबलंय. बगू आज कोनाचा नंबर आदी लागतो."

शेजारच्या दोन कोळणी खदाखदा हसल्या. आजगावकरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. परतताना मऊ पडलेल्या मांदेल्यांची पिशवी हातात झुलवत ते मला म्हणाले, "सर, लोक म्हणतात थांबला तो संपला. मी म्हणतो थांबला तो वाचला. भाव हा माणसाच्या घाईवर चढतो. आपण घाई काढून घेतली की तो आपोआप खाली बसतो."

हे त्यांचे संपूर्ण तत्त्वज्ञान. त्याला दुसरे कलम नव्हते.

या तत्त्वज्ञानावर त्यांनी पत्नी अरुणा, मुलगी क्षिप्रा आणि वृद्ध आई असे चार माणसांचे घर चालवले. घरात एका वेळी एकच पंखा फिरे. ज्या खोलीत तो फिरे तिथे आजी जप करी, क्षिप्रा अभ्यास करी आणि अरुणावहिनी मेथी निवडीत. पाणी तापवण्याचे बटण सकाळी एकदाच दाबले जाई. पहिली आंघोळ सुधीररावांची, मग आजीची, मग क्षिप्राची. वहिनींच्या वाट्याला जे पाणी येई ते गार नव्हते इतकेच त्याच्याविषयी म्हणता येईल. लग्नपत्रिकांची कोरी बाजू हिशेबाला, जुन्या वह्यांची उरलेली पाने शिवून नवी वही. वर्तमानपत्र ते माझ्याकडून रोज वाचायला नेत आणि शब्दकोडे सोडवून परत करीत. मला शब्दकोडे आवडते का, हे त्यांना अठरा वर्षांत एकदाही विचारावेसे वाटले नाही.

सोसायटीने या गृहस्थांना डोक्यावर घेतले नसते तरच नवल. गणेशोत्सवात त्यांचे 'काटकसरीचे संस्कार' या विषयावर भाषण ठेवले गेले. टूथपेस्टची नळी कात्रीने कापल्यावर आत आणखी नऊ दिवसांची पेस्ट निघते, असे त्यांनी प्रात्यक्षिकासह दाखवले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यातल्या निम्म्यांनी घरी जाण्याआधी मांडवातूनच बाहेरचे जेवण मागवले होते. आपल्याकडे साधेपणाला टाळ्याच मिळतात. तो पाळायचा असतो शेजाऱ्याने.

मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे सारे कशासाठी, याचे उत्तर त्या घरात तयार होते: क्षिप्राच्या शिक्षणासाठी. मुदतठेवीची पावती देवघराच्या खणात, कुंकवाच्या करंड्याखाली असे. क्षिप्रा सहा वर्षांची होती तेव्हा तिने बूट मागितले. वहिनींनी तिला सांगितले, "तुझे बूट तुझ्या कॉलेजात जाऊन बसलेत. तिकडे गेलीस की मिळतील." पुढे सहल, सायकल, वाढदिवसाचा केक, सगळेच त्या कॉलेजात जाऊन बसले. मुलीने कधी आदळआपट केली नाही. आपल्या सगळ्या वस्तू एका ठिकाणी सुरक्षित आहेत, असे तिने मनोमन धरले असावे.

कोणते कॉलेज, हेही वडिलांच्या काटकसरीनेच ठरवले. आजी न्हाणीघरात पडली आणि खुब्याची शस्त्रक्रिया झाली. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीची एक तरुणी घरी येऊ लागली. चार वेळा आल्यावर सुधीररावांनी तिला थांबवले. "व्यायाम तेच तेच असतात, क्षिप्राने पाहून ठेवलेत." सोळा वर्षांच्या त्या पोरीने खरोखरच पाहून ठेवले होते. अकरा महिने ती रोज कॉलेजला निघण्यापूर्वी आजीचा पाय हातात घेऊन बसे. एके दिवशी आजी भिंत न धरता गॅलरीपर्यंत चालत गेली आणि तिथून तिने मला हाक मारली. त्या दिवशी क्षिप्राचा चेहरा मी पाहिला. चोवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याचा चेहरा तसा दिसलेला मला आठवत नाही.

बारावीनंतर तिने प्रवेशपरीक्षा दिली. जुलैअखेर यादी लागली आणि तिला इथल्याच एका खासगी महाविद्यालयात फिजिओथेरपीची जागा मिळाली. वर्षाची फी साडेतीन लाख. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फी भरून जागा पक्की करायची होती. ठेवीत चारही वर्षांची सोय होऊन वर उरेल इतकी रक्कम होती.

बुधवारी अरुणावहिनी आमच्या दारात आल्या. हाताला कणीक तशीच होती.

"भाऊजी, तुम्ही जरा यांच्याशी बोला ना. हे म्हणतात शुक्रवारी भरायची नाही."

"का?"

"यांच्या ऑफिसात तो मितेश आहे ना, त्याच्या भाच्याला म्हणे शेवटच्या फेरीत अर्ध्या फीत सीट मिळाली. सीटा रिकाम्या राहिल्या की कॉलेजवाले खाली येतात म्हणे. मला खूप टेन्शन आलंय. तुम्ही शिकवता, तुमचं ऐकतील."

ते माझे ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होते. तरीही गेलो. त्या घरातला एकमेव पंखा त्या वेळी बैठकीत फिरत होता, त्यामुळे सगळे कुटुंब तिथे होते. मितेशचा भाचा अभियांत्रिकीला गेला होता आणि तिथे जागा ओस पडतात. फिजिओथेरपीचे तसे नाही, एवढेच मी सांगितले.

"सर, तुम्ही पगारी माणूस," सुधीरराव शांतपणे म्हणाले. "तुम्हाला बाजार कळत नाही. पहिल्या यादीचा भाव हा सकाळी सातचा भाव."

"बाबा, नियमात लिहिलंय," क्षिप्रा म्हणाली. "शुक्रवारी भरली नाही तर जागा पुढच्या मुलीला जाते. मी आख्ख्या प्रक्रियेतून बाहेर."

"लिहिलेलं असतंच गं. दुकानात पण 'एकच भाव' लिहिलेलं असतं."

"कॉलेज म्हणजे मांदेली नाही, बाबा."

"बघा सर, कशी बोलते," ते कौतुकाने म्हणाले. "सोमवारी मी स्वतः जातो. तोपर्यंत त्यांना कळलेलं असेल की गिऱ्हाईक निघून चाललंय."

आजगावकर सव्वीस वर्षे न्हावा शेव्याजवळच्या एका मालगोदामात कारकून होते. कंटेनर उतरल्यावर काही दिवस फुकट ठेवायला मिळतो. मुदत उलटली की दिवसागणिक दंड चढतो, आणि कुणी नेलाच नाही तर माल लिलावात जातो. ती नोटीस पाठवणे, हेच त्यांचे सव्वीस वर्षांचे काम. उद्या नेऊ म्हणत बसलेले व्यापारी त्यांच्या टेबलासमोर रडताना त्यांनी पाहिले होते, आणि त्यांची नक्कल ते मला करूनही दाखवीत. मी त्या बुधवारी त्यांना त्याची आठवण करून दिली. ते हसले. "ते व्यापारी आळशी, सर. मी विचार करून थांबतो."

शुक्रवारचे पाच वाजले. ठेवीची पावती करंड्याखालून हलली नाही.

सोमवारी बापलेक महाविद्यालयात गेले. पुढचे मला वहिनींनी सांगितले. सुधीररावांनी शर्टाच्या आतल्या खिशात दोन लाखांचा धनादेश नेला होता आणि चेहऱ्यावर तीच सारसोळ्याची समाधी. खिडकीतल्या बाईंनी संगणकावर क्रमांक पाहिला.

"ही सीट गेली, सर. शनिवारी दुसऱ्या मुलीला अलॉट झाली, तिने फी पण भरली."

"दुसरी एखादी असेल. मी थांबतो."

"असेल तरी तुमच्या मुलीचं नाव आता लिस्टमध्ये नाही."

"मॅडम, शेवटी काही उरतंच की."

"इथे काही उरत नाही, सर. मागे लाइन आहे."

तरीही ते बाजूच्या बाकावर जाऊन बसले. खिडकी दीड वाजता जेवणासाठी बंद झाली, अडीचला उघडली, पाचला पुन्हा बंद झाली. क्षिप्रा त्यांच्या शेजारी बसून होती. पाचला तिने त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला बाबा, आता मांजरसुद्धा घरी गेलं असेल." भागीरथीच्या मांजराची गोष्ट मीच तिला कधीतरी हसत हसत सांगितली होती. त्याची आज मला लाज वाटते.

आठवडाभर आजगावकर माझे वर्तमानपत्र न्यायला आले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं, सर. साडेतीन लाख वाचले. ठेव पुन्हा फिरवली, व्याज वाढलंय. पुढच्या वर्षी बसेल ती परीक्षेला." हे त्यांनी मनापासून म्हटले की आरशापुढे दहा वेळा घोकून, हे मला ठरवता आलेले नाही. दोन्हींपैकी काहीही असले तरी त्या माणसाविषयी माझे मत बदलत नाही.

पुढच्या वर्षीचे ऐकून क्षिप्रा हसली म्हणे. त्या सोमवारनंतर ती पहिल्यांदा हसली, म्हणून आजीला आधी बरे वाटले. मग क्षिप्राने सांगितले की तिने नोकरी धरली आहे. न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटाच्या कार्यालयात, फोनवर. तुमच्या कंटेनरची मुदत आज संपते, उद्यापासून दंड चढेल, असे व्यापाऱ्यांना दिवसभर सांगायचे. घराण्यात हे काम होतेच. मुलीला शिकवावे लागले नाही. फिजिओथेरपीची पुस्तके तिने रद्दीत घातली नाहीत. घालणार होती, पण सुधीररावांनी रद्दीवाल्याला थांबवले, कारण पावसाळ्यानंतर रद्दीचा भाव चढतो.

पहिला पगार झाला त्या रविवारी क्षिप्राने मला जेवायला बोलावले. मी गेलो तेव्हा घरात दोन पंखे फिरत होते. सुधीरराव पिशवी घेऊन दारापाशी उभे होते.

"आज नका जाऊ, बाबा. मासळी आणलीय."

"कधी आणलीस? अकराच वाजतायत."

स्वयंपाकघरातून जिताडा तळल्याचा वास येत होता. जिताडा म्हणजे या खाडीचा राजा. अस्सल आगरी-कोळी घरात पाहुण्याचा मान त्याने ठरतो. आजगावकरांनी वीस वर्षांत तो फक्त पाहिला होता, कारण जिताडा साडेबारापर्यंत उरत नाही. वहिनींनी जाड तुकड्या वाढल्या. आजीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

सुधीररावांनी थोडा मोडून तोंडात घातला, थांबले, पुन्हा घातला. "अरुणा, आज मसाला बदललास?"

"नाही हो. मीठ, हळद, तिखट. नेहमीचंच."

"मग हे असं गोडसर... कसं काय?"

"ताजा आहे, बाबा," क्षिप्रा म्हणाली. "सातला गेले होते. भागीरथी मावशी विचारत होती, सायेब बरे आहेत ना म्हणून."

सावंतवाडीचा माणूस, मासळीवर वाढलेला, खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर वीस वर्षे राहिला. ताज्या माशाची चव तो विसरला होता. पानावर मान झुकवून ते बराच वेळ काटा सोडवीत बसले. त्यांना काहीतरी उमगले असावे, निदान या एका वेळी, असे मला वाटले. मग त्यांनी मान वर केली.

"सातला काय भाव होता?"

क्षिप्रा आजीच्या पानातले काटे काढत होती. तिने वर पाहिले नाही.

"विचारला नाही."

सुधीररावांचा घास हातातच राहिला. वहिनींनी त्यांच्या पानात आणखी एक तुकडी वाढली. त्या तुकडीला ते नको म्हणाले नाहीत.