काकांचे हसरे विद्यार्थी

इंग्रजी व्याकरणावरून जीव ओवाळून टाकणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या घराण्यात निपजला! माझे धाकटे काका. कोपरीत राहतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल पेन काही सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी चुका काढणार, मग मुलगी कोणाची ते बघणार. एकदा सोसायटीने पाणी बंद असल्याची इंग्रजी नोटीस लावली. काकांनी ती तपासून दहापैकी चार मार्क दिले. मार्क बघून सगळी बिल्डिंग खिदळली, पाणी भरायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी बिनआंघोळीचा ऑफिसला गेला.

काकू गेल्यावर मी त्यांना एक ऑनलाइन काम मिळवून दिलं. थायलंडच्या कॉलेजातल्या पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवायचं. वर टाय, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, असे काका संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसत. "कळलं का?" असं इंग्रजीत विचारलं की पडद्यावरची वीसच्या वीस पोरं हात जोडून गोड हसायची. काका खूश!

"बघ, याला म्हणतात विद्यार्थी! नाहीतर आपली कार्टी. 'सर, डोक्यावरून गेलं' म्हणून मोकळी!"

मग कंपनीने मुलांची मतं मागवली, नावं न घालता. मतं बरी नसली तर क्लास बंद. काका वरवर बेफिकीर, पण दिवसभरात मला चार फोन. रोज त्यांच्याशी बोलणारी ती पोरंच काय ती उरलेली, हो. मतं आली ती मीच वाचून दाखवली. व्याकरण हवंच, म्हणे, नोकरीला लागतं. पण एवढे नियम ऐकले की चुकायच्या भीतीने तोंडच उघडत नाही. एकाने तर लिहिलेलं, "तीन महिन्यांत काहीच कळलेलं नाही. पण सर इतके आनंदात असतात, त्यांना सांगणार कसं?"

मला हसू आवरेना. काका मात्र म्हणाले, "अरे, मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नसतं, असं घरी शिकवलं असणार त्यांना. आणि मी गाढव, ते हसणं खरं समजत बसलो."

कंपनीने महिनाभराची मुदत दिली. पुढच्या क्लासला काकांनी पुस्तक मिटलं आणि पोरांना म्हणाले, आज नुसतं बोला, मी मध्ये पडणार नाही. एका मुलीने आजीच्या नूडल्सच्या गाडीची गोष्ट सांगितली, धडपडत, ठेचकाळत. काकांचा हात पेनाकडे जायचा आणि मागे यायचा. मी शेजारी बसून मजा बघत होतो. शेवटी तिने विचारलं, सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?

काकूंबद्दल काका आमच्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते. "माय वाइफ..." एवढंच म्हणाले. वाक्य अर्धवट सोडलं म्हणून आयुष्यभर पोरांना बाकावर उभं करणारा हा माणूस, पुढे बोलूच शकला नाही.

या वेळी कोणी हसलं नाही. "नो हरी, सर," ती मुलगी हळूच म्हणाली. क्लासची वेळ संपून गेली, तरी पडद्यावरचा एकही चौकोन बंद झाला नव्हता.